धमनी म्हणजे नळ नव्हे

‘ब्लॉकेज’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. चिकित्सालयात येणारा हृद्रोगाचा रुग्ण आसनस्थ होता होताच टक्केवारी सांगतो : एक नळी सत्तर, दुसरी चाळीस. त्यापाठोपाठ प्रश्न येतो, ‘‘वैद्यसाहेब, हे विरघळवायचे औषध आपल्याकडे आहे ना?’’ आपल्यापैकी बरेच जण या प्रश्नाला होकार देतात. काही औषधीनिर्मात्यांच्या पत्रकांवर तर तो होकार चित्ररूपानेच छापलेला असतो. डावीकडे पिवळ्या गाळाने बुजलेली नळी, उजवीकडे तीच लखलखीत, आणि मध्ये एक बाण. लसूण, आले, लिंबू, मध व सफरचंदाचे व्हिनेगर यांचा काढा आयुर्वेदाच्या खात्यावर केव्हाच जमा झाला आहे. त्यातील सफरचंदाचे व्हिनेगर कोणत्या संहितेतून आले, हे विचारण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

प्रस्तुत लेखात मला असे प्रतिपादन करावयाचे आहे की, धमनीला नळ व रोगाला गाळ समजणारी ही कल्पना आजच्या ज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही. आपल्या शास्त्राच्या भूमिकेशीही ती विसंगत आहे आणि तिच्यामुळे रुग्णांच्या जिवास प्रत्यक्ष धोका संभवतो. पहिल्या दोन गोष्टींवर विद्वानांत चर्चा होऊ शकेल. तिसऱ्या गोष्टीसाठी मात्र थांबून चालणार नाही.

धमनीच्या भित्तीचे तीन स्तर आपण सर्वांनी प्रथम वर्षात पाठ केलेले आहेत. त्यातील मध्यस्तर हा मुख्यत्वे अरेखित स्नायुपेशींचा असतो. निरोगी स्थितीत या पेशी लांबट असतात, वर्तुळाकार रचनेत शांतपणे वसतात आणि आकुंचन-प्रसरणाने रक्ताचा दाब व वाटप सांभाळतात. ॲक्टिन, मायोसिन इत्यादी संकोचक प्रथिनांनी त्या भरलेल्या असतात व त्यांचे विभाजन क्वचितच होते. येथवर पाठ्यपुस्तक आपल्याबरोबर असते. परंतु हृदयाच्या किंवा हातापायांच्या स्नायुपेशींहून ही पेशी एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. तिने आपले रूप कायमचे ठरवून घेतलेले नसते. भोवतालची परिस्थिती बदलली की ती संकोचक प्रथिने कमी करते, विभाजित होऊ लागते, स्थानांतर करते, कोलॅजन व अन्य द्रव्ये स्रवू लागते. पहारेकऱ्याने काठी ठेवून गवंड्याची थापी हाती घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

ही जाणीव अलीकडची नाही. १९७३ मध्ये सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रसेल रॉस व जॉन ग्लॉमसेट यांनी धमनीकाठिण्याच्या केंद्रस्थानी स्नायुपेशींची वाढ असल्याचे प्रतिपादन केले. पुढल्याच वर्षी रॉस व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या पेशींना वाढीस प्रवृत्त करणारा एक घटक रक्तातील बिंबिकांतून, म्हणजे प्लेटलेट्समधून, बाहेर पडतो. त्याच विद्यापीठातील अर्ल बेंडिट यांनी १९७३ मध्येच आणखी विलक्षण निरीक्षण नोंदवले. ज्या स्त्रियांच्या पेशींत एका विकराचे दोन प्रकार मिश्र स्वरूपात आढळतात, त्यांच्या धमन्यांतील प्लाकमध्ये मात्र बहुधा एकच प्रकार सापडत होता. यावरून प्लाकमधील स्नायुपेशी एका पूर्वज पेशीची संतती असावी असे त्यांनी अनुमान काढले. ते अनुमान दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. सुमारे चार दशकांनंतर मूषकांच्या स्नायुपेशींना जनुकीय खूण करून त्यांच्या वंशाचा माग काढण्याची पद्धत विकसित झाली आणि खरोखरच प्लाकमधील स्नायुपेशी मध्यस्तरातील मोजक्या पेशींपासून वाढलेल्या असतात असे दिसून आले.

याच पद्धतीने सर्वांत मोठा धक्का दिला तो २०१५ मध्ये. व्हर्जिनिया विद्यापीठातील गॅरी ओवेन्स यांच्या गटाने दाखविले की, मूषकांच्या प्रगत प्लाकमधील स्नायुपेशीवंशाच्या ८० टक्क्यांहून अधिक पेशी स्नायुपेशींच्या नेहमीच्या खुणांवरून ओळखूच येत नाहीत. त्यांतील काहींनी भक्षक पेशींचे रूप घेतलेले असते. त्याआधीच्या वर्षी मानवी हृद्धमन्यांवरील एका अभ्यासात मेदाने फुगलेल्या फेनपेशींपैकी सुमारे निम्म्या मुळातल्या स्नायुपेशी असल्याचे आढळले होते. म्हणजे आजवर ज्याला आपण बाहेरून येऊन चिकटलेला मेद म्हणत आलो, त्याचा मोठा भाग भित्तीच्याच पेशींच्या पोटात असतो. गाळ बाहेरून येऊन साचला आणि भिंत बिचारी तटस्थ राहिली, असे घडत नाही. भिंत स्वतःच बदलते. रक्तातील एलडीएलचा यात मोठाच वाटा आहे, तो कोणी नाकारू नये. पण तो आरंभक आहे, आणि पुढील सारे नाट्य भित्तीत घडते.

येथे एक गुंतागुंत आहे व तीच माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. स्नायुपेशीचे हे रूपांतर सरसकट वाईट नसते. मध्यस्तरातून अंतःस्तरात आलेल्या याच पेशी प्लाकवर कोलॅजनचे तंतुमय आवरण विणतात. ते आवरण जाड व बळकट असेल तर आतील मेदयुक्त गाभा रक्ताच्या संपर्कात येत नाही आणि मनुष्य त्या प्लाकसह वर्षानुवर्षे जगू शकतो. ते विरळ होऊन फाटले की तेथे रक्ताची गुठळी बनते व हृदयविकाराचा झटका येतो. सुमारे ६५ मायक्रॉनहून पातळ आवरण धोक्याचे मानले जाते, म्हणजे मिलिमीटरचा पंधरावा भाग. ओवेन्स यांच्याच प्रयोगशाळेचे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून पाहावेत. स्नायुपेशीतील केएलएफ-४ हा नियामक घटक काढून टाकला तेव्हा मूषकांतील प्लाक लहान व अधिक स्थिर झाले. २०१६ मध्ये ऑक्ट-४ हा दुसरा घटक काढला तेव्हा मात्र प्लाक मोठे झाले व आवरण दुबळे राहिले. एक रूपांतर रोखणे हितकर ठरले, दुसरे रोखणे अहितकर. आता सांगावे, ‘विरघळवणारे’ औषध यांपैकी नेमके काय विरघळवणार आहे? आवरण विरघळले तर?

टक्केवारीचेही तेच. १९८७ मध्ये शिकागोचे सेमॉर ग्लागोव्ह व सहकाऱ्यांनी मानवी हृद्धमन्यांच्या छेदांवरून दाखविले की, प्लाक वाढू लागले की धमनी बाहेरच्या दिशेने विस्तारते आणि अंतर्गत क्षेत्राचा सुमारे ४० टक्के भाग व्यापेपर्यंत रक्तमार्ग बराचसा अबाधित राहतो. अँजिओग्राफी हे रक्तमार्गाचे छायाचित्र आहे, भित्तीचे नव्हे. म्हणूनच ज्याची नळी ‘फक्त तीस टक्के’ बंद आहे अशाला झटका येतो आणि सत्तर टक्क्यांचा गृहस्थ शेतात नांगर धरतो. नळाची कल्पना केवळ आपणच जोपासली असे नाही, हेही सांगितले पाहिजे. आधुनिक वैद्यकानेही ती दीर्घकाळ जोपासली. २००७ चा ‘करेज’ व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘इस्केमिया’ या मोठ्या अभ्यासांत स्थिर अवस्थेतील रुग्णांचा मृत्यू वा हृदयाचा झटका औषधोपचारापेक्षा स्टेंटमुळे कमी होत नाही असे दिसले, तेव्हा तिकडेही अनेकांना ते पचनी पडले नाही. छातीतील वेदना कमी होण्यास स्टेंटचा उपयोग होतो, आणि झटका येत असताना तर तो जीवदान देतो. त्याविषयी वाद नाही.

आता चुन्याविषयी. ‘कॅल्शियम साचलंय’ असे ऐकून रुग्ण दूध सोडतात व वृद्ध स्त्रिया हाडांसाठी दिलेल्या गोळ्या टाकून देतात. धमनीतील चुना नळाच्या तोंडाशी जमणाऱ्या क्षारासारखा नसतो. मधुमेह, वृक्कविकार किंवा वाढलेले फॉस्फेट यांच्या प्रभावाखाली स्नायुपेशी अस्थिपेशीसारखी वागू लागते व अस्थी घडवणारी प्रथिने तयार करते. याउलट चुना जमू न देणारे एक प्रथिन, मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन, निरोगी स्नायुपेशी स्वतःच बनवत असते. १९९७ मध्ये हे प्रथिन नसलेले मूषक निर्माण केले गेले तेव्हा त्यांच्या धमन्या चुन्याने भरल्या आणि ते दोन महिन्यांच्या आत रक्तवाहिन्या फुटून मेले. अर्थात धमनीला चुन्यापासून वाचवणे हे अखंड चाललेले जिवंत काम आहे.

या बाबतीत आपल्या बोटांना एक संधी आहे. मधुमेही व वृक्करुग्ण यांच्या मध्यस्तरात जमणाऱ्या चुन्याचे वर्णन मॉन्केबर्ग यांनी १९०३ मध्ये केले. यात रक्तमार्ग अरुंद होतोच असे नाही, पण भित्ती दोरीसारखी कठीण होते. आपण रोज नाडी पाहतो. ती पाहताना गती व बल यांबरोबर भित्तीही पाहावी. वरच्या बोटाने दाबून प्रवाह थांबवावा व खालच्या बोटांखाली रिकामी नाडी लाटून पाहावी. निरोगी धमनी अशा वेळी बोटास जवळजवळ लागत नाही. कठीण झालेली धमनी दोरीसारखी हातास लागते. अशा रुग्णाचा पट्ट्याने मोजलेला रक्तदाब प्रत्यक्षाहून अधिक भरू शकतो आणि घोट्याचा दाब मोजून पायांच्या रक्तपुरवठ्याविषयी काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. मधुमेह्याच्या पायाचा व्रण ‘प्रवाह चांगला आहे’ असे समजून महिनोन्महिने बांधत बसण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे. नाडीपरीक्षेविषयी आपण जे अद्भुत दावे ऐकतो त्यांच्यापुढे ही गोष्ट साधी वाटेल, परंतु ती खात्रीची आहे.

स्टेंटच्या इतिहासात तर स्नायुपेशी ही प्रतिनायिकाच म्हणावी लागेल. साधा धातूचा स्टेंट बसविल्यावर भित्तीला इजा होते, स्नायुपेशी दुरुस्तीस धावतात व काही महिन्यांत इतक्या वाढतात की मार्ग पुन्हा अरुंद होतो. म्हणून २००२-०३ पासून या पेशींची वाढ रोखणारे औषध लावलेले स्टेंट आले. त्यातील एक औषध, सिरोलिमस, ईस्टर बेटावरील मातीतील जंतूपासून मिळाले. दुसरे, पॅक्लिटॅक्सेल, अमेरिकेतील यू वृक्षाच्या सालीतून. पुनःसंकोच कमी झाला खरा, परंतु जे औषध स्नायुपेशी रोखते तेच स्टेंटवर नवे अस्तर येण्यासही विलंब लावते. अस्तर नसलेल्या धातूवर गुठळी बनण्याचा धोका राहतो. त्यासाठीच बिंबिकारोधक दोन गोळ्या, साधारणतः सहा महिने ते वर्षभर, हृद्रोगतज्ज्ञाने ठरविलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात. स्टेंटमध्ये अचानक गुठळी झाल्यास रुग्ण दगावण्याचे प्रमाण मोठे असते.

दोन वर्षांपूर्वी किराणा दुकान चालविणारे अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ संधिवातासाठी माझ्याकडे आले. स्टेंट बसवून चार महिने झाले होते. चालू औषधांची चौकशी करता त्यांनी पिशवीतून एक काढ्याची बाटली काढली व अभिमानाने सांगितले, ‘‘इंग्रजी गोळ्या सगळ्या बंद केल्या. याने ब्लॉकेज मुळापासून जातं.’’ तसे बाटलीवर खरोखरच छापलेले होते. तीन आठवडे दोन्ही गोळ्या बंद होत्या. त्यांना त्याच संध्याकाळी त्यांच्या हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठविले व गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. काही अघटित घडले नाही, हे त्यांचे दैव. बाटलीवर गोळ्या बंद करा असे लिहिलेले नव्हते, हे निर्मात्याच्या बाजूने सांगता येईल. पण जो मनुष्य नळ साफ झाला असे समजतो, तो नळ तुंबू नये म्हणून दिलेले औषध का घेईल? छापलेल्या वाक्यातून त्याने काढलेला निष्कर्ष तर्कशुद्ध होता. वाक्यच खोटे होते.

शास्त्राकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात महारोगाध्यायात कफाच्या वीस नानात्मज विकारांत धमनीप्रतिचय येतो. चक्रपाणिदत्तांनी टीकेत त्याचा अर्थ उपलेप असा केला आहे. उपलेप म्हटले की लिंपण, आणि लिंपण म्हटले की पुन्हा गाळ आठवतो. परंतु मूळ शब्द प्रतिचय आहे, त्यात उपचयाचा, भरून येण्याचा भाव आहे. शिवाय सिरा ही रक्ताची उपधातू मानली आहे. जिचे पोषण होते, जिची वृद्धी, क्षय व दुष्टी होते, अशी ती शरीराचा जिवंत भाग आहे. स्रोतोदुष्टीच्या लक्षणांतही संग हे एकमेव लक्षण नाही. सिराग्रंथी आहे, अतिप्रवृत्ती आहे, विमार्गगमन आहे. आपण मात्र संग तेवढा उचलला, कारण तो ‘ब्लॉकेज’शी जुळला.

तथापि विरुद्ध दिशेच्या मोहापासूनही दूर राहिले पाहिजे. स्नायुपेशीचे रूपांतर चरकांना ठाऊक होते, केएलएफ-४ म्हणजेच अमुक अग्नी, असली समीकरणे मांडणारे निबंध आपल्या परिषदांत वाचले जातात व त्यांस टाळ्याही मिळतात. संहिताकारांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, आणि त्यांच्या थोरवीला त्याची गरजही नाही. योग्य शब्द निवडण्यासाठी शास्त्राचा आधार घ्यावा. प्रयोगशाळेचे श्रेय लाटण्यासाठी घेऊ नये.

गुग्गुळाचे उदाहरण बोलके आहे. सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात गुग्गुळावर संशोधन केले, त्यांचा प्रबंध १९६६ चा. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध अनुसंधान संस्थेने गुगुलिपिड विकसित केले. ग्रंथातून प्रश्न घेऊन प्रयोगात उतरविण्याचा हा आदर्श नमुना होता. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत मात्र एलडीएल कमी न होता चार-पाच टक्क्यांनी वाढले व काहींना त्वचेवर पुरळ उठले. आपली प्रतिक्रिया काय होती? तो अर्क होता, शोधित गुग्गुळ नव्हता, प्रकृतीचा विचार नव्हता. हे आक्षेप निराधार नाहीत. पण त्याच अर्काचे अनुकूल निष्कर्ष आपण वीस वर्षे पत्रकांवर छापत होतो, तेव्हा ते कोणास सुचले नाहीत.

माझा आक्षेप निराळा आहे. आपले पदव्युत्तर प्रबंध धमनीप्रतिचयाचे नाव घेतात आणि बहुधा तीस रुग्ण, तीन महिने व लिपिड प्रोफाइल एवढ्यावर थांबतात. प्रतिचय भित्तीत आहे आणि मोजमाप रक्तात होते. ग्रीवाधमनीच्या भित्तीची जाडी सोनोग्राफीने मोजता येते, नाडीतरंगाचा वेग मोजून काठिण्य समजते. ही साधने आज जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळू शकतात. अर्थात त्यासाठी दीड-दोन वर्षे रुग्ण टिकवून ठेवावे लागतील. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्टेरॉइड’ या अभ्यासात रोसुव्हास्टॅटिनची ४० मिलिग्रॅम ही मोठी मात्रा दोन वर्षे देऊन एलडीएल ६० च्या आसपास आणले, तेव्हा भित्तीतील प्लाकचे शेकडा प्रमाण सरासरी सुमारे एक अंकाने उतरले. एक! आणि आपली पत्रके नव्वद दिवसांत नळी कोरी करून देतात.

याचा अर्थ आपल्याकडे देण्यासारखे काही नाही असा मुळीच नाही. मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडविणे, आहार, व्यायाम, निद्रा यांची घडी बसविणे या गोष्टी भित्तीतील पेशींचे वातावरण बदलतात, आणि त्यासाठी रुग्णाशी बोलण्यास लागणारा वेळ आजही वैद्याकडेच असतो. स्टेंटच्या रुग्णाला स्वतःच्या गोळ्यांवर टिकवून ठेवणे हीसुद्धा चिकित्साच होय.

औषधी देताना मात्र सावधपण हवे. बिंबिकारोधक गोळ्या चालू असता लसणाचे अर्क मोठ्या मात्रेत दिल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. गुगुलिपिडमुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांत दिसले आहे. हृद्रोग्यास गुग्गुळकल्प सुरू करताना त्याची गोळ्यांची चिठ्ठी वाचलीच पाहिजे. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो हे तर आपण जाणतोच, तरी खोकल्याच्या काढ्यात ते महिनोन्महिने चालू राहते.

औषधालयांच्या मालकांस दोन शब्द. १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत हृद्रोग, रक्तदाब व धमनीकाठिण्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यांवर उपचार करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येनुसार वेष्टन व लेबल हीही जाहिरातच आहे. बाण असलेले ते चित्र म्हणूनच दुकानात लावू नये आणि ‘ब्लॉकेज’ हा शब्द छापलेला माल परत करावा. संघटनेने आपल्या सभासद निर्मात्यांकडून असा शब्द लेबलवरून काढल्याचे लेखी घ्यावे व या त्रैमासिकाने तशा जाहिराती नाकाराव्यात, असा ठराव पुढील सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे. जाहिरातीचे उत्पन्न घटेल हा आक्षेप येईलच. खजिनदारांनी त्याचा आकडा सभेपुढे ठेवावा.

जाता जाता एक. पॅक्लिटॅक्सेलचा उल्लेख वर आला. त्या अमेरिकी वृक्षाचा हिमालयातील भाऊबंद, थुनेर, काही बाजारांत तालीसपत्र म्हणून विकला जातो. आपले ग्राह्य तालीसपत्र ॲबिस वेबियाना आहे. थुनेरची पाने विषारी असून त्यांचा परिणाम थेट हृदयाच्या गतीवर होतो. तालीसादि चूर्णासाठी माल घेताना व्यापाऱ्याच्या शब्दावर न विसंबता पाने स्वतः पाहून, ओळख पटवूनच घ्यावीत.